पाण्यावरचे पाहुणे

'अतिथी' या शब्दाची फोड दोन प्रकारांनी करतात. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, ही पहिली. दुसरी 'अत्' या धातूवरून. त्याचा अर्थ सतत चालत राहणे, म्हणून जो एका जागी न थांबता फिरत राहतो तो अतिथी. गेली तीस वर्षे वर्गात मी पहिलीच फोड सांगत आलो, कारण ती सांगायला सोपी आणि मुलांच्या ध्यानात राहायला सोयीची. दुसरीचा विचार मनात आला तो २०२४ च्या नाताळच्या सुटीत, मलेशियातील लंकावी बेटाच्या दक्षिणेस, एका बारा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर. आणि तोही काहीसा उलटा होऊन. तिथे पाहुणे आम्ही होतो, आणि एका जागी न थांबता फिरत राहणारे होते आमचे यजमान.

गोव्यातील आमच्या जुन्या घरांतून पाहुणचाराचा प्रारंभ पाण्याने होतो. उन्हातून आलेल्या माणसाने अंगणात पाऊल ठेवले की आधी पाय धुवायला तांब्या, मग गुळाचा खडा आणि प्यायला पाणी. येण्याचे कारण विचारायचे ते त्यानंतर. माझ्या आजीच्या परसात विहीर होती. साखर संपली म्हणून पाहुण्याला चहा देता आला नाही, असे प्रसंग त्या घरात पुष्कळ आले. पाणी नाही असे सांगण्याचा प्रसंग आल्याचे मला स्मरत नाही. पुढे नळ आले. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे देशातील पहिले 'हर घर जल' राज्य म्हणून प्रमाणित झाले, तेव्हा आमच्या शाळेत त्यावर निबंधस्पर्धा झाली होती. त्या योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे, आणि शहरांसाठी सरकारी हिशेब १३५ लिटरांचा असतो, हे आकडे मला त्या निबंधांतून पाठ झाले. ते पुढे लागणार आहेत.

ज्याच्याकडे आम्ही गेलो तो मित्र शाळेत माझ्याच बाकावर बसणारा. पुढे तो जहाजावर गेला. जहाजावर चाकरी करणाऱ्याला आमच्याकडे 'तारवटी' म्हणतात. हा इंजिनियर होऊन गेला, तरी गावाच्या लेखी तारवटीच. २००९-१० साली कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ती नौका आमच्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली. माझा मित्र मांडवीत उभी असलेली ती नौका पाहून आला आणि त्याच्या डोक्यात जे शिरले ते निघाले नाही. मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत अठ्ठावीस वर्षे काढून तो सेवेतून बाहेर पडला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि पणजीचा फ्लॅट विकून या दांपत्याने एक जुनी नौका विकत घेतली. वहिनींचे माहेर सावंतवाडीकडचे. समुद्राशी त्यांचा संबंध बाजारातल्या मासळीपुरता. तरीही त्या गेल्या. गावाला हे पटले नाही. घरदार विकून पाण्यावर राहायला जाणारी माणसे पुराणात शोभतात, सोयऱ्याधायऱ्यांत शोभत नाहीत.

त्यात २०२३ च्या मे महिन्यातील ती घटना घडली. मित्राचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, सपत्नीक त्यांच्याकडे राहायला गेले आणि तिसऱ्या दिवशी उतरून हॉटेलात राहून परत आले. झाले असे की, दादा आंघोळीला बसले, अंगाला साबण लावला आणि नळाचे पाणी थांबले. धाकट्या भावाने आतून पंप बंद केला होता. आपल्याकडे माणसाला अर्ध्या ताटावरून उठवणे हा अपमानांतला अपमान. अर्ध्या आंघोळीतून उठवण्याला शब्दच नाही, कारण तशी वेळ कुणावर आलेली नाही. त्यानंतरच्या दोन चवथींना मित्र गावच्या घरी आला नाही. गणपतीवरची माटोळी बांधण्याचे काम त्या घरात लहानपणापासून त्याचे. ती दोन वर्षे भाड्याच्या माणसाने बांधली. मी निघण्यापूर्वी दादांना सांगायला गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "जा. निघण्यापूर्वी घरी आंघोळ करून जा."

आम्हांला आलेले निमंत्रण मोठे विलक्षण होते. "तारीख धरा किंवा ठिकाण धरा," मित्राने कळवले होते, "दोन्ही धरता येणार नाहीत. तारीख तुमची असेल, तर त्या दिवशी वारा आम्हांला जिथे ठेवील तिथे तुम्ही यायचं. ठिकाण तुमचं असेल, तर दिवस वारा ठरवील." शिडाच्या नौकेत राहणाऱ्या सगळ्याच लोकांचा म्हणे हा शिरस्ता आहे. शासकीय मुख्याध्यापकाला तारखेवाचून काहीच धरता येत नाही. परदेशी जायचे तर खात्याचा 'ना हरकत' दाखला लागतो. त्यावर जाण्याची तारीख असते, येण्याची तारीख असते, वाऱ्यासाठी रकाना नसतो. आम्ही तारीख धरली : २३ ते ३१ डिसेंबर.

दुसरी सूचना सामानाची. चाकांची कडक पेटी आणू नये. कापडी, घडी होणारी मऊ पिशवी आणावी. कडक पेटी रिकामी झाली तरी तेवढीच जागा अडवते, आणि नौकेत मोकळी जागा म्हणून काही नसतेच. मऊ पिशवी घडी करून गादीखाली जाते. आमच्या सौ.ना हे पटले नाही, पण त्यांनी मानले. भेटीदाखल त्यांनी आमसुले, काजू, खाजे आणि रव्याचे लाडू घेतले आणि ते सगळे एका चांगल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधले. त्या खोक्याचे पुढे काय झाले ते सांगतो.

लंकावीच्या पश्चिम किनाऱ्यावर तलागा नावाचे नौकांचे बंदर आहे. तिथल्या धक्क्यावर मित्र आणि वहिनी उभी होती. गळाभेटी झाल्या, डोळे पुसून झाले, आणि वहिनी सौ.ना म्हणाल्या, "बाई, तो पुठ्ठा इथेच सोडू या." पुठ्ठ्याच्या नळ्यांत झुरळांची अंडी असतात, आणि नौकेत एकदा झुरळे झाली की नौका त्यांची होते. धक्क्यावर बसून आम्ही लाडू डब्यांत भरले. तेवढ्यात बाजूचा दुकानदार चौकशीला आला. मी शाळेत काय करतो हे मित्राने त्याला सांगताच तो अदबीने "गुरू बसार!" म्हणाला. मलय भाषेत मुख्याध्यापकाला 'गुरू बसार' म्हणतात. बसार म्हणजे मोठा. 'गुरू' शब्द इतक्या लांबवर जाऊन अजून पगारी नोकरीत आहे, हे पाहून मला बरे वाटले. सौ. लाडू मोजत होत्या, त्यांनी हे ऐकलेच नाही.

(आमची बोलणी अर्थातच घरगुती बोलीत झाली, येथे ती लिहिण्याच्या मराठीत आणली आहेत.)

नौकेवर पाऊल ठेवताच पायताणे काढायची, यात आम्हांला नवे काही नव्हते. त्यानंतरचा तासभर मात्र वहिनींनी आमची शाळा घेतली. संडासाविषयी लिहिणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही. परंतु नौकेवरच्या पाहुणचारात त्या विषयाला पहिल्या तासातच तोंड फोडावे लागते. तिथे हाताने चालवायचा पंप असतो, समुद्राचे पाणी आत घेण्याची आणि घाण बाहेर टाकण्याची झडप असते, आणि नळी इतकी अरुंद असते की जे पोटात गेलेले नाही ते काहीही, अगदी कागदसुद्धा, तिच्यात टाकायचे नाही. ती तुंबली तर उघडून साफ करायची पाळी यजमानावर येते. मग गॅस. हा वायू हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराखिडक्यांतून निघून जाण्याचा संभव असतो, नौकेत तो तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने सारे उडते. म्हणून सिलिंडर बाहेर वेगळ्या कप्प्यात ठेवतात, ज्याच्या तळाला थेट समुद्रात उघडणारे भोक असते, आणि दर स्वयंपाकानंतर झडप बंद करतात. सौ.ना शेगडीपाशी जाण्यापूर्वी परवानगी घ्यायची होती. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना असे कुणी सांगितले नसेल.

मग पाणी. टाकी ४०० लिटरांची. धक्क्यावर नळ असतो, पण धक्क्याचे भाडे दिवसावर मोजावे लागते. म्हणून ही दोघे महिन्यातले बहुतेक दिवस खाडीत नांगर टाकून राहतात आणि वीस-वीस लिटरांच्या कॅनमधून पाणी वाहून आणतात. या कॅनची ने-आण ज्या लहान होडीतून करतात तिला इंग्रजीत 'डिंगी' म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललेला. मी गणित केले. चार माणसे, आठ दिवस, ४०० लिटर : माणशी रोजचे साडेबारा. त्यात प्यायचे, स्वयंपाकाचे, सगळे आले. सरकारी ५५ लिटरांपुढे हे माप एखाद्या दुष्काळी छावणीतले वाटावे. आंघोळ समुद्रात करायची आणि नंतर दोन लिटरांच्या बाटलीतील गोड्या पाण्याने अंगावरचे मीठ काढायचे. भांडी आधी खाऱ्या पाण्यात, मग गोड्या पाण्याचा हात. टाकीजवळ खिळ्याला एक वही टांगलेली होती. प्रत्येकाच्या नावाचा रकाना, एका बाटलीस एक रेघ. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं," वहिनी म्हणाल्या, "ही वही आता तुमच्याकडे." हजेरीपट भरण्याचे काम मला लंकावीतही चुकले नाही.

पहिले दोन दिवस पोटातले पाणी हलत राहिले, याचा विस्तार करीत नाही. आत न बसता उघड्यावर यावे, क्षितिजावर नजर ठेवावी, आल्याचा तुकडा चघळावा. मी शिक्षकी सवयीने आत पुस्तक घेऊन बसलो आणि फळ मिळाले.

नौकेत कुजबुज नावाची गोष्ट नसते. पडदी लाकडाची आणि बोटभर जाड; माझे घोरणे सर्वांचे, मित्राचे खोकणे सर्वांचे. घरात माणसाला रुसायला एखादी खोली तरी असते. येथे रागावून उठले तरी चार पावलांत नौका संपते. असे असताना पाहुण्यांना आठ-आठ दिवस सांभाळायचे, त्यांना अपमान वाटू न देता दिवसातून तीस वेळा 'हे नको' म्हणायचे, शिवाय त्यांना समुद्रात पडू द्यायचे नाही, हा संसार मला तरी जमला नसता. आम्हां दोघांना जीवरक्षक जाकिटे घालून काढून दाखवायला लावली. खलाशांची जुनी म्हण आहे : एक हात नौकेचा, एक हात आपला. डेकवर चालताना एका हाताने काहीतरी धरलेलेच असले पाहिजे. सौ.ना तर बिनतारी यंत्रावर सोळा क्रमांकाच्या वाहिनीवरून मदत कशी मागायची आणि इंजिन कसे थांबवायचे तेही शिकवले. "हे मला कशाला?" त्यांनी विचारले. मित्र शांतपणे म्हणाला, "आम्ही दोघंही पाण्यात पडलो, तर नौका थांबवणार कोण? मास्तर तर आत वाचत असेल." तेव्हापासून सौ.ची वागणूक बदलली. आपण इथे नुसत्या पाहुण्या नाही, हे त्यांना कळले होते, आणि ते त्यांना आवडले होते.

२६ डिसेंबर हा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सौ. हे व्रत लग्नापासून करतात. नौकेवर उद्यापन कसे व्हावे याची चिंता त्या गोव्यापासून बरोबर घेऊन आल्या होत्या. आम्ही त्या दिवशी दायांग बुंतिंग या बेटाच्या आडोशाला नांगर टाकला होता. वारा मागे अडलेला, पण पर्यटकांच्या वेगवान बोटी सारख्या धावत होत्या आणि दर बोटीमागून येणाऱ्या लाटेने आमचे घर डुलत होते. कलश मांडावा कुठे? वहिनींनी एकदा सभोवार पाहिले आणि शेगडी पुसायला घेतली. नौकेतील शेगडी दोन बाजूंच्या खुंट्यांवर झुलती टांगलेली असते. नौका कललली तरी ती सपाट राहते, आणि भांडी घसरू नयेत म्हणून तिला चिमटे असतात. त्या दिवशीचा स्वयंपाक आदल्या रात्रीच उरकलेला. शेगडीवर पाट, पाटावर तांदूळ, त्यावर तांब्याचा कलश चिमट्यांत घट्ट बसवलेला, विड्याची पाने, नारळ. सारी नौका डोलत होती आणि महालक्ष्मी जागची हलत नव्हती.

कलशात पाणी घालताना सौ.नी हात आखडता घेतला. आठ दिवसांची वही त्यांच्याही डोक्यात होती. वहिनींनी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि कलश काठोकाठ भरला. संध्याकाळी शेजारच्या नौकेवरील फ्रेंच बाई आणि पलीकडच्या नौकेवरील एक वयस्क ऑस्ट्रेलियन बाई, दोघी आपापल्या होड्या वल्हवत हळदीकुंकवाला आल्या. त्यांनी कपाळाला कुंकू लावून घेतले, केळे घेतले आणि कथा न समजता शेवटपर्यंत ऐकली. येताना दोघींनी एकेक बाटली पाणी आणले होते. त्या जगात कुणाकडे जाताना रिकाम्या हाताने जायचे नसेल, तर हीच रीत. दुसऱ्या दिवशी कलशातले पाणी तुळशीला घातले. होय, तुळस आहे. एका डब्यात, सुकाणूजवळच्या पडद्याच्या आडोशाला दोरीने बांधलेली. खाऱ्या वाऱ्याने तिची पाने करपतात म्हणून वहिनी रोज सकाळी चमच्याने गोडे पाणी घेऊन पान न् पान धुतात. त्या चमच्याचीही वहीत नोंद असते.

त्याच बेटाच्या पोटात एक गोड्या पाण्याचे तळे आहे. चुनखडीच्या एका अरुंद कड्याने ते समुद्रापासून वेगळे झालेले. कड्याच्या अलीकडे खारे, पलीकडे गोडे. वर तांबूस ब्राह्मणी घारी घिरट्या घालत होत्या. लंकावीचे नावच या घारीवरून पडले असे तिथले लोक सांगतात. शुक्रवारी आम्ही तळ्यावर गेलो. पाण्यात उतरायची मुभा आहे, पण जाकीट घालून. साबणाचा अर्थातच प्रश्न नव्हता. चार दिवस बाटलीने न्हालेली आम्ही माणसे गळ्यापर्यंत गोड्या पाण्यात उभी राहिलो आणि कुणी बोलेना. वहिनींनी ओंजळीने पाणी डोक्यावर घेतले, पुन्हा घेतले, पुन्हा घेतले. मोजणारे कुणी नव्हते.

"पाहुण्यांना आम्ही इथे आणतोच," बाहेर आल्यावर केस पिळत त्या म्हणाल्या, "चौथ्या-पाचव्या दिवशी. म्हणजे आधीचं सगळं विसरायला होतं. दादांना चौथ्या दिवशी आणायचं ठरलं होतं."

त्या रात्री त्या सौ.पाशी बोलत होत्या. मी पडदीच्या पलीकडे होतो आणि ते त्यांना माहीत होते. "पंचवीस वर्षं घर चालवलं," त्या म्हणत होत्या, "आल्यागेल्याला 'नको' म्हणायची जीभच नव्हती मला. इथे सकाळी उठल्यापासून तेच. ह्यांनी पंप बंद केला तेव्हा दादा आत, आणि मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी. वारा इतका होता की तीन दिवस धक्क्याला लागता आलं नव्हतं, आणखी किती दिवस लागता येणार नाही ते ठाऊक नव्हतं. टाकीचा काटा खाली आलेला. ह्यांचं चुकलं नाही. पण दादा गेले त्या रात्री मी काटा पुन्हा पाहिला. दोन दिवसांचं होतं. एक तांब्या दिला असता तर काय झालं असतं, हे मी अजून मनात मोजते."

सौ. काय बोलल्या ते ऐकू आले नाही. बहुधा काहीच बोलल्या नसाव्यात.

वही माझ्याकडे होती, हे सांगितलेच आहे. दुसऱ्या दिवशी रेघा मारताना मी पाने मागे उलटली. जुने हजेरीपट चाळण्याची सवय धंद्यातली. २०२३ च्या मे महिन्याची पाने सापडली. चार रकाने. दादांच्या रकान्यात पहिल्या दिवशी सहा रेघा, दुसऱ्या दिवशी सात, दादांच्या सौ.च्या रकान्यात पाच आणि सहा. यजमानांच्या दोन रकान्यांत पहिल्या दिवशी एकेक रेघ. दुसऱ्या दिवशी शून्य आणि शून्य, आणि पुढे वहिनींच्या अक्षरात एकच शब्द : 'पाऊस'. म्हणजे डेकवर पडेल त्या पावसात न्हायचे, असा त्याचा अर्थ. आणि पाऊस पडला की नाही याची नोंद नव्हती. दुसऱ्याच दिवसाखाली 'दादा, नळ : अंदाजे ४० लिटर' असे लिहिलेले. तिसऱ्या दिवशीच्या रकान्यात दादांच्या नावापुढे चार रेघा मारलेल्या आणि चारही खोडलेल्या. बाटल्या भरून ठेवल्या होत्या, त्या वापरल्या गेल्या नाहीत. दादा तोपर्यंत किनाऱ्यावर होते.

मग मी आमच्या आठवड्याचे पान नीट पाहिले. आम्हां दोघांच्या रकान्यांत रोजच्या चार-चार रेघा होत्या. त्या मीच मारल्या होत्या. यजमानांच्या रकान्यांत एकेक. तेही मीच लिहिले होते, आणि सांगितले तसे लिहीत गेलो होतो. साडेबारांचा माझा हिशेब गणित म्हणून बरोबर होता. तिथे मात्र पाणी चार सारख्या वाट्यांनी वाटले जातच नव्हते. आजीच्या घरी पाहुणा आला की घरच्या बायका मागाहून जेवत आणि त्यांच्या ताटात काय उरले ते कुणी पाहत नसे. इथे फरक इतकाच की ते वहीत लिहिलेले होते.

२८ च्या संध्याकाळी ईशान्येचा वारा वाढला. आम्हांला तलागाच्या धक्क्यावर सोडायचे ठरले होते. तेथून विमानतळ जवळ. मित्र बराच वेळ आकाशाकडे पाहत बसला, अमावास्येचे उधाण जवळ आले म्हणून नांगराची आणखी साखळी सोडली, आणि मग म्हणाला, "तारीख तुझी, मास्तर. तेव्हा ठिकाण आता माझं." दुसऱ्या दिवशी सकाळी वारा थोडा पडताच आम्ही कुआ गावाकडे निघालो आणि दोन दिवस आधीच तिथल्या धक्क्याला लागलो. त्या दोन दिवसांचे धक्क्याचे भाडे मी देऊ केले, ते त्याने घेतले नाही. धक्क्याला नळ होता. वहिनींनी सौ.ना हाताला धरून नळाखाली नेले आणि म्हणाल्या, "आता हवं तेवढं." सौ.नी एक बादली घेतली आणि नळ बंद केला.

निघताना वहिनींनी ओटी भरली : तांदूळ, नारळ, आणि त्या बेटावरच्या रंगीत बुट्ट्यांच्या कापडाचा खण. सौ.नी आपल्या मऊ पिशवीतून उरलेल्या लाडवांचा डबा काढून दिला. टॅक्सीने विमानतळ वीसेक किलोमीटर. मित्र धक्क्याच्या टोकापर्यंत आला. "चवथीला?" मी विचारले. "बघू," तो म्हणाला, "वारा." चवथीला आमच्याकडे नैऋत्येचा वारा असतो आणि विमाने त्याला मानत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होते.

वही दुसऱ्याची. तिच्यातले तिसऱ्याला सांगावे की नाही, याचा विचार मी परतीच्या प्रवासात पुष्कळ केला. संक्रांतीला दादा तिळगूळ घेऊन आमच्याकडे आले. प्रवास कसा झाला, हवा कशी होती, असे इकडचे तिकडचे झाले. मग ते स्वतःच म्हणाले, "आणि आंघोळ?"

मी सगळे सांगितले. रकाने सांगितले, रेघा सांगितल्या, दोन शून्ये, 'पाऊस', खोडलेल्या चार बाटल्या. तळ्याचेही सांगितले. दादा निवृत्त तलाठी आहेत. नोंदीची किंमत त्यांना मी सांगायला नको. बराच वेळ ते हातातली तिळगुळाची पुडी उघडत आणि मिटत राहिले.

"ती वही तू स्वतः पाहिलीस?"

"हो, दादा. आठ दिवस मीच लिहीत होतो."

"चार रेघा खोडलेल्या?"

"चार."

सौ.नी चहा आणला. तो त्यांनी घेतला, कप खाली ठेवला, उठले, दारापर्यंत गेले आणि चपला घालता घालता त्यांनी विचारले, "ती मऊ पिशवी म्हणतात ती फोंड्याला मिळते, की पणजीला जावं लागतं?"